वाचकांचे प्रश्न : अक्षरे मोठी करणारे बटण बसवले, आता झाले का?

प्रश्न : मी एका नगरपरिषदेच्या संगणक विभागात काम करतो. मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि जन्म-मृत्यूचे दाखले यांसाठी आमचे संकेतस्थळ आहे. ते वापरता येत नसल्याची लेखी तक्रार एका अंध नागरिकाने केली, तेव्हा ठेकेदाराने वरच्या कोपऱ्यात अक्षरे लहान-मोठी करणारी आणि रंग उलटे करणारी बटणे बसवून दिली व संकेतस्थळ 'दिव्यांगस्नेही' झाल्याचे कळवले. तक्रारदाराचे म्हणणे मात्र अजूनही तेच आहे. आमचे नेमके काय राहिले?

उत्तर : तक्रारदाराला जे हवे होते, तेवढेच राहिले. जो पडद्याकडे पाहतच नाही, त्याला अक्षर मोठे झाले काय आणि रंग बदलला काय, सारखेच. अंध व्यक्ती संगणकावर 'एनव्हीडीए' किंवा 'जॉज' आणि अँड्रॉइड मोबाइलवर 'टॉकबॅक' असा एखादा स्क्रीन रीडर वापरते. हे सॉफ्टवेअर पानामागचा कोड वाचून बोलते. त्यामुळे डोळ्यांना दिसणारी, पण कोडमध्ये न लिहिलेली गोष्ट त्या व्यक्तीपुरती पानावर नसतेच.

'एनव्हीडीए' मोफत मिळते. ते कार्यालयातल्या एका संगणकावर घ्या, माउस काढून ठेवा, पडदा बंद करा आणि केवळ टॅब, एंटर व बाणांच्या कळा वापरून स्वतःच्या घराचा कर भरून पाहा. 'मालमत्ता क्रमांक' हे शब्द रकान्याशेजारी छापलेले असले, तरी ते लेबल म्हणून त्या रकान्याला जोडलेले नसतील, तर कानावर बहुधा 'एडिट, ब्लँक' एवढेच पडेल. प्रभाग, मालमत्ता क्रमांक आणि मोबाइल क्रमांक असे तीन रकाने असतील, तर तीनदा तेच. त्यापुढे चित्रातला कॅप्चा, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून लिहायला लावणारी चाचणी, आली आणि तिला आवाजाचा किंवा दुसरा पर्याय नसला, की काम तिथेच थांबते. 'भरणा करा' हे बटण कोडमध्ये बटण म्हणून न लिहिता नुसता रंगीत चौकोन म्हणून काढलेले असेल, तर टॅब त्याच्यावर थांबतसुद्धा नाही. चूक झाल्यावर रकान्याची कड लाल होते, पण काय चुकले ते शब्दांत लिहिलेले नसते. हा त्रास अंध व्यक्तीइतकाच रंगांध व्यक्तीलाही होतो. ही सगळी दुरुस्ती कोडमधली आहे आणि त्यातली बरीचशी, विशेषतः लेबलांची, काही दिवसांत होण्यासारखी आहे.

मराठी संकेतस्थळांचा एक खास आपला घोटाळाही तपासा. जुना मजकूर 'कृतिदेव'सारख्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये असेल, तर तो दिसतो मराठी, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे असतात. 'महाराष्ट्र' या शब्दातल्या 'महारा' एवढ्या भागासाठी कृतिदेवमध्ये ई, जी, के, जे, के ही अक्षरे साठवलेली असतात आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. असा मजकूर युनिकोडमध्ये आणावाच लागेल. मजकूर युनिकोडमध्ये असला, तरी पानाच्या कोडमध्ये त्याची भाषा मराठी अशी नोंदवलेली हवी. तयार साच्यात ती पुष्कळदा इंग्रजी असते आणि मग स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरे गाळतो किंवा भलतेच काही उच्चारतो.

सूचना आणि ठराव यांचे पीडीएफ हे तिसरे दुखणे. आपल्याकडे पत्र संगणकावर टंकलिखित होते, मग ते छापतात, त्यावर सही-शिक्का होतो आणि पुन्हा स्कॅन करून संकेतस्थळावर चढवतात. म्हणजे मजकूर होता, त्याचे आपणच छायाचित्र केले. सहीची प्रत हवीच असेल तर ठेवा, पण तोच मजकूर शेजारी साध्या पानावरही द्या.

ठेकेदाराशी बोलताना 'दिव्यांगस्नेही' हा मोघम शब्द वापरू नका. शासकीय संकेतस्थळांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या, 'जीआयजीडब्ल्यू' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्गदर्शक सूचनांची तिसरी आवृत्ती २०२३ साली आली. ती 'डब्ल्यूसीएजी २.१' या आंतरराष्ट्रीय निकषांच्या 'एए' पातळीवर बेतलेली आहे. साध्या आकाराचे अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) हवा, अशी मोजून पाहता येणारी कलमे त्यात आहेत. निविदेत ही पातळी नाव घेऊन लिहा आणि दिव्यांग वापरकर्त्यांनी कर भरून व दाखला काढून दाखवल्याखेरीज शेवटचे देयक मंजूर होणार नाही, अशी अट घाला. माझ्या अनुभवात या एका अटीने जेवढे काम होते, तेवढे दहा स्मरणपत्रांनी होत नाही.

कर्णबधिर नागरिकांसाठी, मदतवाहिनी म्हणून केवळ दूरध्वनी क्रमांक न देता ईमेल किंवा संदेशाची सोय ठेवा आणि माहितीच्या चित्रफितींना बोलणे लिहून दाखवणारी उपशीर्षके द्या.

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला असून तिला एक पापणी मिटता येत नाही. बँकेच्या ॲपवर केवायसी (ग्राहकाची ओळख पडताळणी) करताना डोळे मिचकावण्याची सूचना येते आणि प्रत्येक वेळी अर्ज नामंजूर होतो. तिने काय करावे?

उत्तर : ताईंनी शाखेत जाऊन कागदोपत्री केवायसी करून देण्याची लेखी मागणी करावी. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींनी नेमकी हीच अडचण सर्वोच्च न्यायालयात मांडली होती. 'प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देताना न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. व्यक्ती जिवंत समोर आहे हे पडताळण्यासाठी डोळे मिचकावण्याखेरीज अन्य पर्याय असावेत आणि कागदोपत्री केवायसी चालू राहावी, असे निर्देश त्या निकालात आहेत. अर्जात निकालाचा उल्लेख तारखेसह करावा आणि पोच घ्यावी.

प्रश्न : शासकीय संकेतस्थळाविरुद्ध दाद कुठे मागायची?

उत्तर : आधी संबंधित कार्यालयाकडे लेखी, आणि तिथे दाद लागली नाही तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८० नुसार त्यांना अशा बाबींची चौकशी करता येते, आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे कलम ४२ आहे. 'वापरता येत नाही' एवढेच न लिहिता कोणते पान, कोणता रकाना किंवा बटण, कोणता ब्राउझर, कोणता स्क्रीन रीडर आणि त्या जागी तो नेमके काय बोलला, हे तारखेसह लिहावे. जमल्यास तो आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून सोबत जोडावा.