रणगाडे बराकीत गेले, पण सूत्रे कुणाकडे?

लष्करशाही जाऊन निवडून आलेले सरकार बसले की पहिली काही वर्षे त्या सरकारची आणि लष्कराची कशी रस्सीखेच चालते, यावर वाचकांचे बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून पाचांची उत्तरे देतो.

प्रश्न : निवडणुका झाल्या, लष्कर बराकीत परतले. मग मुलकी सरकारचे नियंत्रण आले असे म्हणायला हरकत काय?

उत्तर : हरकत अशी, की लष्कर बराकीत परतताना सहसा हात हलवत जात नाही. चिली पाहा. ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात लष्करशहा पिनोशे हरले आणि मार्च १९९० मध्ये पॅट्रिसियो आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले. पण जाण्याआधी पिनोशे यांनी घटनेतच पाचर मारून ठेवली होती. ते स्वतः मार्च १९९८ पर्यंत लष्करप्रमुख राहिले आणि राष्ट्राध्यक्षांना त्यांना हटवता येत नव्हते. सिनेटमधल्या काही जागा नेमणुकीच्या होत्या, त्यांत माजी दलप्रमुखांची सोय होती. शिवाय कोदेल्को या सरकारी तांबे कंपनीच्या निर्यातीतून येणाऱ्या पैशातले १० टक्के थेट शस्त्रखरेदीला जात. ज्या कायद्याने हे चाले, त्याचा मजकूरसुद्धा वर्षानुवर्षे गुप्त होता. तांब्याचा भाव चढला की ही थैली आपोआप फुगे, मग संरक्षणमंत्र्याने मागितले असो वा नसो.

मे १९९३ मधला प्रसंग तर बोलका आहे. आयल्विन युरोपच्या दौऱ्यावर होते. सांतियागोत राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाजवळच्या लष्करी मुख्यालयाभोवती विशेष दलाचे सैनिक लढाईच्या वेषात, तोंडाला रंग फासून उभे राहिले. पिनोशे यांच्या मुलाला लष्कराकडून मिळालेल्या धनादेशांचे प्रकरण पुन्हा वर आले होते आणि मानवी हक्कांचे खटलेही अधिकाऱ्यांना खुपत होते. एकही गोळी सुटली नाही. सुटायची गरजच नव्हती, निरोप पोचला होता. नेमलेले सिनेटर आणि दलप्रमुखांचे अभय २००५ च्या घटनादुरुस्तीने गेले. तांब्याचा कायदा रद्द व्हायला २०१९ उजाडले.

त्यामुळे रस्त्यावर रणगाडा दिसतो का, एवढ्यावर जाऊ नका. बढत्यांच्या यादीवर शेवटची सही कुणाची, पैशाचा हिशेब कोण मागतो आणि लष्करी गुप्तहेर खाते कुणाला अहवाल देते, हे विचारा.

प्रश्न : अत्याचार करणाऱ्या अधिकाऱ्यांना नव्या सरकारने पहिल्याच वर्षी तुरुंगात का टाकू नये? नरमाई दाखवली की ते शेफारतात.

उत्तर : अर्जेंटिनाने जवळजवळ हेच करून पाहिले. तुमच्या प्रश्नातला राग रास्तच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

फॉकलंड युद्धात हरल्याने लष्कराची पत धुळीला मिळाली होती. डिसेंबर १९८३ मध्ये राऊल अल्फोन्सिन सत्तेवर आले आणि त्यांनी नऊ माजी दलप्रमुखांवर खटले भरायला सांगितले. आधी लष्करी न्यायालयाला संधी दिली, पण तिथे चालढकल झाली आणि प्रकरण मुलकी न्यायालयाकडे आले. डिसेंबर १९८५ मध्ये पाच जण दोषी ठरले. व्हिदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. मुलकी न्यायाधीशांनी आपल्याच देशाच्या हुकूमशहांना अशी शिक्षा करणे, ही तेव्हा जगात दुर्मीळ गोष्ट होती.

अडचण पुढे आली. खटले मधल्या फळीपर्यंत, म्हणजे प्रत्यक्ष तुकड्या हाताशी असलेल्या अधिकाऱ्यांपर्यंत उतरू लागले. सरकारने १९८६ च्या डिसेंबरात कायदा करून नवे खटले दाखल करायला ६० दिवसांची मुदत घातली, तर न्यायाधीशांनी सुट्ट्या रद्द करून त्या मुदतीतच शेकडो अधिकाऱ्यांना बोलावणी धाडली. एप्रिल १९८७ मध्ये, ईस्टरच्या आठवड्यात, लेफ्टनंट कर्नल आल्दो रिको यांनी कांपो दे मायो तळावर बंड केले. लाखो लोक लोकशाहीच्या बाजूने रस्त्यावर आले, पण बंड मोडायला निघालेल्या तुकड्या काही केल्या पोचेनात. सरकारचा हुकूम कागदावर होता आणि तो पाळणारे हात जागचे हलत नव्हते. शेवटी अल्फोन्सिन स्वतः हेलिकॉप्टरने तळावर गेले, बोलणी केली आणि परत येऊन जमावाला सांगितले की सारे आलबेल आहे. जूनमध्ये ‘वरिष्ठांचा हुकूम पाळला’ म्हणणाऱ्यांना सोडणारा कायदा आला. पुढे अल्फोन्सिन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी व्हिदेलासकट सगळ्यांना माफी दिली, पण डिसेंबर १९९० चे शेवटचे बंड मात्र त्यांनी बळाने चिरडले, आणि या वेळी लष्कराने हुकूम ऐकला.

गोष्ट इथे संपत नाही. २००३ मध्ये संसदेने ते कायदे मोडीत काढले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि खटले पुन्हा उभे राहिले. व्हिदेला २०१३ मध्ये तुरुंगातच मेले. माझे मत असे, की अल्फोन्सिन यांची सुरुवात योग्य होती. चुकले ते, कुणावर खटला चालेल आणि कुणावर नाही, ही रेघ वेळेत न आखणे. अनिश्चिततेने शेकडो अधिकारी बंडखोरांच्या गोटात ढकलले गेले.

प्रश्न : स्पेनची लोकशाही १९८१ मध्ये राजाने वाचवली, असे वाचले होते. मग सगळे एका माणसावरच अवलंबून असते का?

उत्तर : त्या रात्रीपुरते, बऱ्याच अंशी. २३ फेब्रुवारीला लेफ्टनंट कर्नल तेहेरो सुमारे २०० सिव्हिल गार्ड (निमलष्करी पोलीस) घेऊन संसदेत घुसले, छताच्या दिशेने गोळ्या झाडल्या. खासदार बाकांखाली गेले. उपपंतप्रधान गुतिएरेस मेयादो, स्वतः निवृत्तीच्या वयाचे जनरल, उठून सशस्त्र गार्डांना शस्त्रे खाली ठेवायचा हुकूम देऊ लागले. त्यांना खाली पाडायचा प्रयत्न झाला, ते पडले नाहीत. व्हालेन्सियात रणगाडे रस्त्यावर आले होते. मध्यरात्रीनंतर राजा खुआन कार्लोस सरसेनापतीच्या गणवेशात दूरचित्रवाणीवर आले आणि बंडाला आपला पाठिंबा नाही हे स्पष्ट केले. आधीचा हुकूमशहा फ्रँको याने नेमलेल्या राजाचा शब्द फ्रँकोच्याच अधिकाऱ्यांनी मानला.

पण बंड पुन्हा का झाले नाही, याचे उत्तर त्या भाषणात नाही. ते नार्सिस सेरा या बार्सिलोनाच्या माजी महापौरांच्या कंटाळवाण्या कामात आहे. १९८२ ते १९९१ ते संरक्षणमंत्री होते. सैन्याचा आकार कमी करणे, दलप्रमुखांना निर्णयकर्त्यांऐवजी मंत्र्यांचे सल्लागार बनवणे, बढत्यांचे नियम बदलणे, हे त्यांनी वर्षानुवर्षे रेटले. स्पेन १९८२ मध्येच नाटोत गेला होता, त्यामुळे अधिकाऱ्यांना देशातल्या राजकारणापेक्षा चांगले काम मिळाले.

प्रश्न : संरक्षणमंत्री निवृत्त जनरलच असावा, म्हणजे लष्कर त्याचे ऐकेल. बरोबर ना?

उत्तर : कधी बरोबर. नायजेरियात १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले ओबासान्जो स्वतः माजी लष्करशहा होते. सत्तेवर येताच त्यांनी लष्करी राजवटीत राजकीय पदे भोगलेल्या ९३ अधिकाऱ्यांना एका फटक्यात घरी पाठवले. कुणाला सत्तेची चटक लागली आहे, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

तरी सर्वसाधारणपणे माझा कल उलटा आहे. जनरलला मंत्री करण्यामागे बहुधा ‘आम्हाला यातले कळत नाही’ अशी मुलकी नेत्यांची कबुली असते, आणि ती लष्कराला ऐकू जाते. कळत नसेल तर शिकावे. चिलीच्या मिशेल बाशेलेत व्यवसायाने डॉक्टर. त्यांचे वडील हवाई दलातले जनरल, पिनोशेंच्या तुरुंगात छळानंतर १९७४ मध्ये वारले. बाशेलेत लष्कराच्याच संस्थेत संरक्षण धोरण शिकल्या, पुढे वॉशिंग्टनला जाऊन आणखी शिकल्या आणि २००२ मध्ये संरक्षणमंत्री झाल्या. समोरच्या ॲडमिरलचा खरेदीचा प्रस्ताव वाचून प्रश्न विचारता येणे हे खांद्यावरच्या ताऱ्यांपेक्षा कामाचे.

प्रश्न : निवडून आलेलाच नेता मनमानी करू लागला, तर लष्कराने त्याला दूर केले तर काय बिघडले?

उत्तर : जुलै २०१३ मध्ये इजिप्तमध्ये हेच म्हणत लाखो लोक चौकांत जमले होते. निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मुर्सी यांच्याबद्दलच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण मुर्सींच्याच काळात झालेल्या घटनेत संरक्षणमंत्री लष्करी अधिकारीच असेल आणि नागरिकांवर लष्करी न्यायालयात खटला चालू शकेल, अशी कलमे होती. म्हणजे लष्कराला हवे ते देऊन झाले होते, तरी त्यांची गादी वाचली नाही. पुढच्याच महिन्यात राबा चौकात शेकडो लोक मारले गेले, २०१४ मध्ये मुर्सींना हटवणारे लष्करप्रमुख सिसी राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यांना २०३० पर्यंत राहण्याची वाट मोकळी झाली. सोडवायला बोलावलेला पाहुणा मुक्कामालाच राहिला.

दुसरा मार्ग, म्हणजे अशा नेत्याला संसदेने आणि न्यायालयाने रोखण्याचा, दक्षिण कोरियात दिसला. तिथे किम यंग-साम यांनी १९९३ मध्ये सत्तेवर येताच, दोन आठवड्यांच्या आत लष्करप्रमुखाला हटवले आणि ‘हानाहो’ हा अधिकाऱ्यांचा गुप्त गट मोडून काढला. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष युन यांनी मार्शल लॉ (लष्करी अंमल) पुकारला, तेव्हा धोका लष्कराकडून नव्हता, निवडून आलेल्या माणसाकडून होता. सैनिक खिडक्या फोडून संसदेत शिरले. कर्मचाऱ्यांनी दारांना फर्निचर लावले, अग्निशामक नळकांडी फवारली. कित्येक जवानांनी मुद्दाम सावकाशी केली हे खरे, पण त्यावर विसंबून चालले नसते. १९८७ च्या घटनेतल्या ७७ व्या कलमानुसार एकूण सदस्यांच्या बहुमताने मागणी केली की राष्ट्राध्यक्षाला मार्शल लॉ उठवावाच लागतो. सभापती कुंपणावरून चढून आत गेले ते या मतदानासाठी. ३०० पैकी १९० खासदार वेळेत पोचले, सर्वांनी विरोधात मत दिले आणि पहाटेपर्यंत मार्शल लॉ उठला. एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयाने युन यांना पदावरून काढले.