कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये जानेवारीत रात्रीचा नांगर कुठे टाकावा?

आधी उत्तरेकडून येणारी लाट बघा, मग वारा. वारा हिवाळ्यात बहुतेक पूर्व-ईशान्येचाच. पण अटलांटिकची लाट वळली की टॉर्टोलाच्या केन गार्डन बेमध्ये बोट रात्रभर डोलते, झोपेचं खोबरं होतं. तेव्हा नॉर्मन आयलंडची द बाइट ही आडोशाची खाडी गाठा. व्हर्जिन गोर्डा बेटावरच्या द बाथ्स या खडकाळ किनाऱ्याजवळचे बोये (बोट बांधायचे तरंगते गोळे) फक्त दिवसापुरते.

दुपारी दोनपर्यंत पोहोचा. जागा मिळते आणि ऊन वरून असल्याने खडक दिसतात. नांगर फिकट वाळूतच टाका. काळपट दिसतं ते गवत नाहीतर प्रवाळ: गवतात नांगर नीट रुतत नाही, प्रवाळ मोडतं.

खोली 5 मीटर, बोटीचं तोंड पाण्यापासून दीड मीटर वर, तर साखळी दोन्हींच्या बेरजेच्या पाचपट, म्हणजे 33 मीटर सोडा. जोराच्या वाऱ्यात सातपट, साधारण 45. मग इंजिन रिव्हर्समध्ये ताणा आणि मास्क लावून नांगर रुतलाय का ते प्रत्यक्ष पाहा.