आधी पिना बघा
कॉमिक्सच्या अंकांची पहिलीच अदलाबदल करताय, तर समोरच्याकडून फक्त मुखपृष्ठाचा नाही, मधल्या पानाचाही फोटो मागवा. पानं जोडणाऱ्या पिना तिथेच नीट दिसतात. त्यांना गंज असेल किंवा मधलं जोडपान सुटलेलं असेल, तर बाहेरून कोरा करकरीत दिसणारा अंकही ग्रेडमध्ये, म्हणजे स्थितीच्या गुणांत, घसरतो. घडीच्या कडेवरच्या बारीक पांढऱ्या रेघा समोरच्या उजेडात लपतात, म्हणून अंक तिरका धरून काढलेला फोटो हवा. काळ्या मुखपृष्ठाच्या कडा तर निरखून बघाच, मार्करने रंगवून ठेवणारे महाभाग असतात.

ग्रेड ०.५ ते १० अशी असते. स्वतःच्या अंकाला आपण सगळेच थोडे जास्त गुण देतो, त्यामुळे मी तोंडी ग्रेड धरतच नाही. पहिली आवृत्ती की पुनर्मुद्रण, हे आतल्या प्रकाशनाच्या मजकुरात वाचा.

भाव मात्र नुकत्याच झालेल्या विक्रीवरून ठरवा, मागणाऱ्याच्या आकड्यावरून नाही. नवख्याने आपलं पार्सल आधी पाठवावं असं जुने लोक म्हणतात. मला ते रास्त वाटतं. अंक पिशवीत, मागे बोर्ड, दोन्हीकडून पुठ्ठा. आणि पिशवीच्या तोंडाशी चिकटपट्टी उघडी ठेवू नका, अंक काढताना नेमकी तीच मुखपृष्ठाला चिकटते.