गाडीचा केबिन एअर फिल्टर (गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा) धुऊन पुन्हा वापरता येतो का? घरच्या घरी बदलता येईल का?

धुतलेला फिल्टर काढा आणि नवा बसवा. घरी नक्की बदलता येईल, बहुतेक गाड्यांत दहा मिनिटांचं काम आहे.

तुम्ही लिहिलंय की एसीची हवा मंदावली होती, कुबट वास येत होता, म्हणून फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून परत बसवला आणि वास उलट वाढला. याचं कारण फिल्टरच्या कापडातच आहे. ते विणलेलं नसतं. प्लास्टिकच्या अतिबारीक तंतूंचा तो थर असतो आणि बहुतेक फिल्टरांत या तंतूंना बनवतानाच स्थिर विद्युतभार दिलेला असतो. फटींतून सहज निसटली असती अशी बारीक धूळ त्या भारामुळे तंतूंना चिकटते. साबणाने धुतल्यावर हा भार बराचसा जातो, घड्या वाकड्या होतात आणि आत ओल राहिली की बुरशी धरते. फिल्टर दिसतो स्वच्छ, पण बारीक धूळ अडवत नाही. हवेचा जोरदार झोत मारूनही फारसं साधत नाही. पानं आणि केस उडतात, बारीक धूळ मात्र आणखी रुतते, कधी कापडही फाटतं. ‘धुता येतो’ असं बनवणाऱ्यानेच सांगितलेला फिल्टर असेल तरच धुवा.

बदलण्याआधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये जागा बघून घ्या. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, काहींत पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटखाली. ग्लोव्हबॉक्सवाला असेल तर आधी कप्पा रिकामा करा आणि ब्लोअर, म्हणजे आत हवा ढकलणारा पंखा, बंद ठेवा, नाहीतर फिल्टर सरकवताना त्यावरचा कचरा सरळ पंख्यात ओढला जातो. बाजूला दोरी किंवा छोटा दांडा अडकवलेला असेल तर तो सोडवा. मग कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो पूर्ण खाली येतो. मागे आडवं झाकण दिसेल, त्याच्या क्लिपा दाबून ते काढा आणि फिल्टर आडवाच, न झटकता बाहेर ओढा. रिकाम्या खाचेतली पानं हाताने किंवा व्हॅक्यूमने काढून टाका.

नवा बसवताना सगळ्यात जास्त चुका बाणात होतात. ‘एअर फ्लो’ लिहिलेला बाण हवा कोणत्या दिशेने जाते ते सांगतो. ‘अप’ लिहिलेला बाण फिल्टरची कोणती बाजू वर ठेवायची ते सांगतो. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. ब्लोअर फिल्टरच्या खाली असेल तर हवा वरून खाली येते, म्हणजे ‘एअर फ्लो’चा बाण खाली हवा. जुना कसा होता तेही बघा, पण त्यावर डोळे झाकून विश्वास नको, तोही उलटा बसवलेला असू शकतो. अनेक फिल्टरांत मोठी धूळ अडवणारा विरळ थर आधी आणि बारीक थर नंतर असतो. उलटा बसला तर बारीक थर लवकर तुंबतो. कडेला फट राहणार नाही याचीही खात्री करा, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते आणि फटीतून गेलेली हवा गाळलीच जात नाही.

राखाडी-काळा फिल्टर सक्रिय कार्बनचा असतो. धूर आणि वास तो चांगला शोषतो, पण त्याची क्षमता संपलेली डोळ्यांना दिसत नाही. आणि एक कळकळीने सांगतो: इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू हा फिल्टरही अडवत नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवून बसू नका.

किती दिवसांनी बदलायचा? मॅन्युअलमध्ये साधारण 15,000 ते 25,000 किमी किंवा एक वर्ष असं काहीतरी असतं. धुळीच्या रस्त्यावर रोज जाणं असेल तर तेवढी वाट बघू नका, मधे उघडून बघा. मी नव्या फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहितो. एकदा सर्व्हिसिंगच्या बिलात ‘फिल्टर बदलला’ असं होतं आणि घरी उघडल्यावर माझ्याच अक्षरातली जुनी तारीख सापडली. पैसे परत मिळाले, पण तेव्हापासून हे काम मी बाहेर देत नाही.

आता तुमच्या वासाबद्दल. तो एकट्या फिल्टरचा असेलच असं नाही. फिल्टरनंतर हवा एसीच्या थंड कॉइलवरून जाते, तिथे हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं आणि ओल्या कॉइलवर धूळ बसली की बुरशी वाढते. म्हणूनच ‘नवा मिळेपर्यंत फिल्टरशिवाय चालवू’ हा विचार करू नका. ती कॉइल नीट साफ करायला काही गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मुक्कामाला पोहोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा, कॉइल थोडी सुकते. दमट हवेत एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतंय का तेही बघा. ठिबकत नसेल तर पुढच्या सीटसमोर, पाय ठेवतो तिथलं कार्पेट हाताने दाबा. ओलं लागलं तर बहुधा कॉइलवरचं पाणी बाहेर सोडणारी निचऱ्याची नळी तुंबली आहे, आणि ती मोकळी केल्याशिवाय कितीही नवे फिल्टर घातले तरी वास जाणार नाही.