प्रशासनाच्या इतिहासासाठी माक्स वेबरखेरीज कोणत्या जर्मन अभ्यासकाला वाचावं?

ओटो हिंत्झे (१८६१–१९४०) यांना वाचा, असं मी आग्रहाने सांगेन.

लोकप्रशासन शिकणाऱ्यांना वेबर भेटतातच. नोकरशाही कशी असते, हे ते नेमकं मांडतात. ती कुणाच्या गरजेतून आली, हे दप्तरं उपसून दाखवलं हिंत्झेंनी. अर्थशास्त्रज्ञ गुस्टाव श्मोलर यांच्या हाताखाली प्रशिया या जर्मन राज्याच्या कारभाराची कागदपत्रं संपादित करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली.

त्यांचा १९१० चा कमिसारांवरचा निबंध मला सर्वांत मोलाचा वाटतो. कमिसार म्हणजे सैन्याचा शिधा, मुक्काम आणि पगार पाहायला राज्यकर्त्याने नेमलेला माणूस. नेमणूक तात्पुरती, केव्हाही काढून घेता येणारी. जुन्या अधिकाऱ्यांचे हक्क परंपरेने ठरलेले असत आणि स्थानिक सरदारवर्गाशी त्यांचे लागेबांधे असत. कमिसाराला बांधिलकी एकाच धन्याची. सतराव्या शतकात ब्रांडेनबुर्ग-प्रशियात युद्ध संपल्यावरही खडी फौज राहिली, म्हणून कमिसारही राहिले. फौजेला पैसा हवा, म्हणून करवसुली त्यांच्याकडे आली. करापाठोपाठ शहरांचा कारभारही आला. १७२३ साली राजा फ्रीडरिष विल्हेल्म पहिला याने ही यंत्रणा राजाच्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याशी जोडून एकच मध्यवर्ती मंडळ केलं. फ्रान्समधल्या इंटेंडंटांची, म्हणजे राजाने प्रांतांवर नेमलेल्या अधिकाऱ्यांची, घडणही अशाच वाटेने झाली, हे ते तुलना करून दाखवतात.

सैन्यरचना आणि राज्यरचना यांच्या नात्यावरच्या त्यांच्या १९०६ च्या निबंधात हाच विचार मोठ्या पटावर आहे. समुद्राने राखलेल्या इंग्लंडला मोठ्या खड्या फौजेची निकड नव्हती, त्यामुळे तिथे स्थानिक स्वराज्य टिकलं; चहूबाजूंनी उघड्या प्रशियाला ते परवडलं नाही. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. ज्याच्या करावर फौज पोसली, तो शेतकरी या मांडणीत फारसा दिसत नाही. शिवाय पहिल्या महायुद्धापर्यंत प्रशियाच्या राजसत्तेवरची त्यांची निष्ठा लेखनात जाणवते. त्यानंतरचे त्यांचे निबंध अधिक मोकळे आहेत.

त्यांच्या पत्नी हेडविग याही इतिहासकार, फ्रेंच राज्यक्रांतीच्या अभ्यासक. ज्यू कुळातल्या म्हणून १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठात शिकवण्याचा त्यांचा हक्क काढून घेतला गेला. १९३८ मध्ये हिंत्झेंनी प्रशियन विज्ञान अकादमी सोडली. हेडविग नेदरलँड्समध्ये गेल्या आणि १९४२ साली तिथेच वारल्या. हिंत्झेंबद्दल बोलताना त्यांचं नाव गाळू नये.

जर्मन येत नसेल तर फेलिक्स गिल्बर्ट यांनी संपादित केलेला १९७५ चा इंग्रजी निबंधसंग्रह घ्या. दोन्ही निबंध त्यात आहेत. आधी कमिसारांवरचा वाचा.