फिल्मची एक बाजू जाड का?

प्रश्न : एलडीपीईची (कमी घनतेच्या पॉलिथिनची) ब्लोन फिल्म, म्हणजे वितळलेल्या मालाचा फुगा फुगवून केलेली फिल्म, काढतो. हवी ५० मायक्रॉन, पण एका बाजूला ४२ आणि समोर ५८ भरते. रोल उलगडताना थरही चिकटतात. काय तपासावे?

उत्तर : डायच्या (ज्या साच्याच्या गोल फटीतून वितळलेला माल बाहेर येतो, त्याच्या) बोल्टला लगेच हात लावू नका. आधी एअर रिंग (फुग्यावर थंड हवा सोडणारे कडे) पाव फेरा फिरवा. जाड पट्टा तिच्याबरोबर सरकला, तर दोष हवेचा : जिथे वारा जास्त, तिथे माल लवकर गोठतो, ताणला जात नाही आणि जाड राहतो. रिंगच्या फटीत अडकलेला कचरा काढा, होसपाइप तपासा. पट्टा जागचा हलला नाही, तर डायची फट असमान आहे किंवा एखादा हीटर गेला आहे. हीटर ठीक असतील तर डाय गरम असतानाच पातळ बाजूचा बोल्ट किंचित सैल करा, मगच जाड बाजूचा तेवढाच आवळा. समोरचा सैल न करता आवळणे म्हणजे डायची नासाडी. काही मिनिटे थांबून पूर्ण घेरावर मायक्रोमीटरने मोजा. हे कंटाळवाणे आहे, पण पिशवी पातळ बाजूनेच फाटते.

चिकटण्याचे कारण बहुधा निप रोलपर्यंत (फुगा दाबून सपाट करणाऱ्या रोलपर्यंत) गरमच पोचणारी फिल्म. फ्रॉस्ट लाइन (फुग्यावर माल गोठतो ती रेषा) खाली आणा : हवा वाढवा, नाहीतर माल ढकलणाऱ्या स्क्रूचा वेग उतरवा. तरीही थर सुटले नाहीत तर अँटीब्लॉक मास्टरबॅच (थर चिकटू न देणारे द्रव्य मिसळलेले दाणे) घाला. नुसत्या स्लिपने (फिल्म निसरडी करणाऱ्या द्रव्याने) घर्षण घटते, चिकटणे पुरते जात नाही.