वाचकांचे प्रश्न : कोणाच्या नेमाकडे पाहावे?

प्रश्न : काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या व्हिडिओ गेमच्या २०२१ मधील स्टॉकहोम मेजर या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याचे चित्रीकरण पाहणार आहे. कोणत्या खेळाडूंवर लक्ष ठेवावे?

उत्तर : एकही मॅप (म्हणजे एका आभासी मैदानावरचा डाव) न गमावता विजेता ठरलेल्या ‘नावी’ संघाचा युक्रेनी खेळाडू ‘सिंपल’ स्पर्धेत सर्वोत्तम ठरला, त्यामुळे नजर आपोआप त्याच्याकडेच जाईल. मात्र मला अधिक बोलका वाटतो तो पराभूत जी-टू संघातील बोस्नियाचा ‘निको’. दुसऱ्या, न्यूक या मॅपवर जी-टूचा विजय एका फेरीवर आलेला असताना, ज्याचा नेम सहसा चुकत नाही अशा या खेळाडूची ‘डेझर्ट ईगल’ पिस्तुलाची अगदी सोपी गोळी हुकली (तो क्षण थांबवून पाहाच!) आणि बरोबरीनंतरच्या वाढीव फेऱ्यांत नावीने तो मॅप २२-१९ असा जिंकला.